मांडूला महूवरून

गिल्बर्ट परेराला बायकोचा संशय कधीच आला नाही. त्याला फक्त बाकी सगळ्यांचा यायचा. चर्चच्या क्वायरमध्ये ज्युलियाच्या शेजारी उभं राहून गाणारा दंतवैद्य, तिला 'आंटी' न म्हणता 'मॅडम' म्हणणारा गॅसवाला, इतकंच काय, फादरसुद्धा. कारण कबुलीजबाबाच्या जाळीआड ती त्यांना काय सांगते हे नवऱ्याला कळायची सोय धर्माने ठेवलेली नाही. गिल्बर्ट कधी भांडला नाही, कुणाला टाकून बोलला नाही. साकीनाक्याच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता, आणि कुठली वस्तू कुणाच्या हाती गेली हे मुकाट्याने ध्यानात ठेवायची सवय त्याने निवृत्तीनंतरही सोडली नाही, एवढंच.

या सगळ्यांत जुना आणि मानाचा म्हणजे नेल्सन. वाकोल्याच्या गावठाणातला, बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवणारा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवरून उंबराचं पाणी वाजतगाजत आणायची आमच्या या ख्रिस्ती वस्त्यांत जुनी चाल आहे. त्या पाण्याने नवरा-नवरीची आंघोळ होते. गिल्बर्ट आणि ज्युलिया एकाच गावठाणातले, म्हणून दोघांच्या पाण्याला बँडही एकच होता. आधी नवरीकडे, मग नवऱ्याकडे. नवरीकडे नेल्सनने जीव ओतून वाजवलं आणि आपल्याकडे नुसतं आटपलं, असं गिल्बर्टचं पक्कं मत होतं. पुढे नेल्सन फौजेच्या बँडमध्ये गेला, इंदूरजवळ महूला स्थायिक झाला, तिथेच लग्न केलं. गिल्बर्टला बरं वाटलं. नेल्सनची बायको दम्याने आजारी असते असं कळल्यावर तिच्या प्रकृतीसाठी दर रविवारी मनापासून प्रार्थना करणारा अख्ख्या वाकोल्यात तो एकटाच होता. गेल्या वर्षी ती बाई गेली. गिल्बर्ट इतका उदास झाला की ज्युलियाला कौतुक वाटलं.

अशात ॲन्ड्रियाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आईबापांना लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून इंदूरची छोटी सहल दिली.

"पप्पा, राजवाडा नि खाणं दोन दिवसांत आरामात होतं," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मांडू करायचं का ते सांगा. सकाळी जाऊन रात्री परत. गाडी सांगून ठेवते."

"काय आहे मांडूला?"

"राजा-राणीचं आहे. राणी छान गायची ना, म्हणून राजाने तिच्यासाठी डोंगरावर महाल केला."

"गाणारी बाई मला घरी आहे. महाल कुठून आणू?"

"मला जायचंय," ज्युलिया स्वयंपाकघरातून म्हणाली. ती असं सहसा म्हणत नसे. कुठे जायचं, काय घ्यायचं, यावर तिचं उत्तर 'बघ तूच' असं असायचं. बाहेर येऊन हात पुसत तिने पुढचं वाक्य जोडलं, "महू रस्त्यातच आहे. नेल्सनला पण भेटून होईल. एकटा पडलाय बिचारा."

'बिचारा' हा शब्द गिल्बर्टने नीट ऐकला. निवृत्त झाल्यावर त्याच्यासाठी तो कुणी वापरला नव्हता.

पुढचे दिवस त्याने मांडूविरुद्ध पुरावे गोळा केले. घाट आहे, ऊन आहे, पडक्या भिंती आहेत, आणि पडक्या भिंतीच बघायच्या तर आपल्या मागल्या अंगणात आहेत.

"आणि माझे गुडघे?"

"गुडघ्यांना हॉटेलात ठेव. तू ये."

वरच्या मजल्यावरच्या कुंदाताई सावंत डबा परत द्यायला आल्या होत्या. त्या जाता जाता म्हणाल्या, "जा हो गिल्बर्टभाऊ. बायको काही मागत नाही म्हणता, आणि मागितल्यावर असं करता." शेजाऱ्यांना बाजू घ्यायला फार कमी माहिती पुरते.

निघायच्या आदल्या दिवशी बॅगेत, ज्युलियाच्या जुन्या गाऊनमध्ये गुंडाळलेली एक बाटली गिल्बर्टला लागली.

"हे काय?"

"मसाला."

"हॉटेलात नाश्ता फुकट आहे."

"नेल्सनला नेतेय."

बाटली मसाला म्हणजे बाजारात मिळणारी चीज नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, सगळं भाजून कुटायचं आणि बिअरच्या गडद बाटल्यांत वर्षभरासाठी ठासून भरायचं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते घराबाहेर जात नाही. मसाला लेकीला देतात, धर्मपुत्राला देतात. गिल्बर्टच्या सख्ख्या भावाला यंदा अर्धी बाटली मिळाली होती, तीही त्याने दोनदा आठवण केल्यावर. ही गळ्यापर्यंत भरलेली होती. गिल्बर्टने ती पुन्हा गाऊनमध्ये गुंडाळली, आणि स्वतःच्या मोज्यांपासून जरा लांब ठेवली.

इंदुरात त्याने चांगलं खाल्लं. सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी सराफ्यात उभ्याने जे दिसेल ते. ज्युलियाही खाईल, दमेल आणि तिसऱ्या दिवशी झोपून राहील, असा त्याचा साधा हिशेब होता. ज्युलिया दमली नाही. दुसऱ्या संध्याकाळी गाडीवाल्याचा फोन आला, उद्याचं पक्कं का म्हणून. गिल्बर्टने फोनवर हात ठेवून पोट दाबलं.

"बरं वाटत नाहीये."

"मग तू थांब इथे. पडून राहा," ज्युलिया अगदी प्रेमाने म्हणाली. "मी जाऊन येते."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मांडू रद्द होईल किंवा होणार नाही, एवढेच दोन रस्ते त्याने पाहिले होते. आता तिसरा उघडला आणि त्यात तो स्वतः हॉटेलच्या खोलीत छताकडे बघत पडलेला होता. डोळ्यांना जे दिसतं त्याला काही मर्यादा असते; डोक्याला दिसतं त्याला नसते. महूला एक विधुर, एक कॉर्नेट आणि गळ्यापर्यंत भरलेली बाटली.

"पक्कं," तो फोनवर म्हणाला.

सकाळी गाडीत बसताना त्याने शेवटचा प्रयत्न केला. "धार से चलो. रोड अच्छा है."

"महू से," ज्युलिया म्हणाली.

गाडीवाल्याने आरशात दोघांकडे पाहिलं आणि गाडी महूच्या रस्त्याला घातली. संसारी माणूस असावा.

नेल्सनचं घर पेरूच्या झाडामागे होतं. दार उघडणारा माणूस गिल्बर्टने आयुष्यभर मनात जपलेल्या माणसाशी कुठेच जुळेना. पोट सुटलेलं, वरची कवळी सैल, स्वेटरला आमटीचा डाग. गिल्बर्टला आधी हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. याच्यासाठी आपण एवढं जळलो?

वाकोल्याची बोली कानावर पडताच नेल्सनला भरून आलं. त्याने दोघांना मिठी मारली, गिल्बर्टला जरा जास्त वेळ. बूच काढून बाटली हुंगली आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. गावठाणातली कुठली घरं उरली, कुठे टॉवर झाला, विहीर बुजवली का, सगळं विचारून झालं.

"आमच्या पाण्याला तूच वाजवलं होतंस," ज्युलिया हसून म्हणाली. ती नवीन निळा ड्रेस घालून आली होती.

"असेल, असेल. सीझनला किती पाणी व्हायची तेव्हा." नेल्सनने बिस्किटांची बशी पुढे केली. "तुझं लग्न वाकोल्यातच झालं ना? का मरोळला? मला सगळी सारखीच आठवतात बघ."

"वाकोल्यात," ज्युलिया म्हणाली. हातातलं बिस्किट तिने बशीत परत ठेवलं आणि मांडीवरचा ड्रेस उगाच सारखा केला.

गिल्बर्टला आनंद व्हायला हवा होता. जे ऐकायला तो इतकी वर्षं आसुसला होता ते ऐकलं होतं. पण त्याने ज्युलियाकडे पाहिलं. दंतवैद्य, गॅसवाला, फादर या साऱ्यांकडे तो सतत पाहत आला होता. तिच्याकडे असं बघायचं राहूनच गेलं होतं.

"कसं नाही आठवत रे तुला?" तो म्हणाला. आवाज स्टोअरमध्ये माल कमी भरल्यावर लागायचा तसा लागला. "मिरवणूक विहिरीवरून परत आली. ही ओट्यावर उभी, पिवळ्या लुगड्यात, केसात अबोली. ढोलवाला थांबला, क्लॅरिनेटवाला पाणी प्यायला गेला. तू थांबला नाहीस. हिच्यासमोर एकटा वाजवत राहिलास. हिची आई म्हणाली, पुरे रे, अंधार पडला. तरी वाजवलंस. ही खाली बघत होती आणि पायाच्या अंगठ्याने ताल धरत होती."



"तुला काय माहीत?" ज्युलिया म्हणाली. "तू तर तुझ्या घरी होतास. नवऱ्याने त्या दिवशी बाहेर पडायचं नसतं."

"मागल्या दाराने आलो होतो. गोठ्याआड उभा होतो."

"आणि आजपर्यंत बोलला नाहीस?"

"काय बोलायचं?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. गालावर लाली चढली होती आणि ती कुणाच्या नावाची, हे गिल्बर्टला नेमकं ठरवता येईना. कदाचित ते त्याला ठरवता आलंही असतं, पण तेवढ्यात नेल्सनने टेबलावर थाप मारली.

"अबोली. थांब, थांब. आठवलं मला. शप्पथ." त्याचा चेहरा एकदम तरुण झाला. "मी ते सगळ्यांसाठी नाही वाजवायचो. तुझ्यासाठीच वाजवलं होतं, ज्युली."

ज्युली. कवळीमुळे कॉर्नेट आता फुंकता येत नव्हता, म्हणून तो गुणगुणायला लागला. आवाज आश्चर्यकारक चांगला होता. ज्युलियाने डोळे मिटले. टेबलाखाली तिची चप्पल हलकेच हलू लागली, आणि हे सगळं आपण आपल्या तोंडाने इथे आणून ठेवलं, हे गिल्बर्टला स्वच्छ दिसलं.

तो उठला. मनगटावर घड्याळ नव्हतं, तरी त्याने मनगट पाहिलं.

"चला," तो म्हणाला. "मांडू राहील."