अर्ध्या मिलिमीटरची फट

त्या दातांच्या डॉक्टरचा विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दात काढतोस ना, मग दात काढ. इंजिनात हात घालायला तुला कोणी सांगितलं होतं? पण आधी ताईबद्दल सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगाच एखाद्या भल्या माणसावर घसरलोय.

ताई माझी मोठी बहीण, वय त्रेपन्न. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, ती एकोणीसची. माझी शाळा, माझा ताप, माझं जेवण, सगळं तिनेच निभावलं. बावीस वर्षं ती डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये होती. तिथे केसाएवढा फरक बोटांना कळावा लागतो, तिला कळायचा. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा ती शहराबाहेरच्या ट्रॅकवर जाऊ लागली. तिथे चांगली मोठी, पोटं सुटलेली माणसं रिमोटवर हातभर लांबीच्या गाड्या पळवतात. ताई त्यांची इंजिनं जुळवून देते. खेळणी म्हणायचं नाही. मी एकदा म्हणालो, तर दोन दिवस बोलली नाही. इंजिन मुठीत मावतं, पण मिनिटाला तीस हजार फेरे घेतं आणि नायट्रो मिसळलेल्या जहाल इंधनावर चालतं.

त्या इंजिनाचा सगळा जीव एका फटीत असतो. पिस्टन अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या, मध्ये जी जागा उरते, ती. ताई ती पॉइंट पाच ठेवते, म्हणजे अर्धा मिलिमीटर. जास्त झाली तर गाडी रडते. कमी झाली तर इंधन वेळेआधीच भडकतं आणि पिस्टनचा दांडा मोडतो. फट कमीजास्त करायला हेडखाली कागदासारख्या पातळ तांब्याच्या चकत्या घालतात.

मोजायची कशी? आत तर पट्टी जात नाही. ताई आधी इंजिन गरम हवेने कोमट करते, कारण थंड असताना पिस्टन वर अडकतो. मग प्लग काढून त्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत सरकवते, थेट भिंतीला टेकेपर्यंत. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने एकदा फिरवते. तारेचं टोक चेपतं. ते बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजायचं. एवढंच. पण तार पिस्टन आणि दांडा जोडणाऱ्या पिनेच्या रेषेतच घालायची, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. पिस्टन पिनेवर पुढेमागे डुलतो, डावीउजवीकडे नाही. पुढच्या बाजूने मोजलंत तर तो तारेखाली दबतो आणि तुम्हाला जास्तीचं, खोटं माप देतो.

तर या डॉक्टरचं इंजिन ताईने जुळवून दिलं. पॉइंट पाच. पुढच्या रविवारी शर्यतीत तिसऱ्याच फेरीला दांडा मोडला. आणि हा गृहस्थ पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात तिथे, सगळ्यांसमोर ओरडला, "बाईंना माप घेता येत नाही!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. क्लबचा सेक्रेटरी म्हणजे वारा येईल तशी पाठ फिरवणारा. त्याने ताईला सांगितलं, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर काय ते ठरवू, तोवर तुमचं टेबल बंद.

टेबल म्हणजे काय, पत्र्याच्या शेडमधला चार फुटांचं एक फळकूट. पण घरी ती कोणाची बहीण, कोणाची आत्या. तिच्या कामाने तिला ओळखणारी जागा ती एकच. त्या आठवड्यात ती धड जेवली नाही. मी आठवडाभर डॉक्टरला शिव्या घालत होतो.

रविवारी मी मुद्दाम बरोबर गेलो. डॉक्टर पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. छाती काढून म्हणाला, "यांनी पॉइंट पाच सांगितलं. मला शंका आली म्हणून मी स्वतः मोजलं. सात निघालं! मग मी पॉइंट दोनची एक चकती काढून पाच केलं. ज्यांचं माप चुकतं त्यांनी दांडा तरी नीट बसवला असेल का?"

अरे गाढवा! मी पुढे झालो, तर ताईने नुसता हात आडवा केला.

ती सेक्रेटरीला म्हणाली, "तुमचं इंजिन द्या. तेही मीच जुळवलंय. डॉक्टर, मोजा."

इंजिन कोमट करून तिने त्याच्यासमोर ठेवलं. डॉक्टरने तार पुढच्या बाजूने जेमतेम आत घातली. सात निघालं. "बघा!" तो म्हणाला. ताई शांतपणे म्हणाली, "आणखी एकदा." सहा निघालं. "आणखी एकदा." साडेसात. शेडमध्ये चुळबूळ सुरू झाली. मग ताईने घेतलं. डावीकडे पाच, उजवीकडे पाच, पुन्हा डावीकडे पाच. तिने दोघांच्या तारा टेबलावर शेजारी ठेवल्या. डॉक्टरच्या तारेचं टोक अर्धवटच चेपलेलं, जवळजवळ गोलच होतं. भिंतीपर्यंत गेलंच नव्हतं.

"आता तुम्हीच घ्या," ती म्हणाली, "माझ्यासारखं, बाजूने, पार टेकेपर्यंत." डॉक्टरच्या स्वतःच्या हातून पाच निघालं.

म्हणजे बरोबर असलेल्या पाचचं त्याने तीन केलं होतं आणि दांडा स्वतःच मोडला होता. माफी? नाव नको. "दोन दशांशांचा तर फरक," असं पुटपुटला. सेक्रेटरी हात चोळत म्हणाला, "चला, गैरसमज मिटला. ताई, टेबल तुमचंच." आठवडाभर एका बाईची अब्रू उन्हात वाळत घातली आणि म्हणे गैरसमज!

परतताना गाडी मी चालवत होतो आणि तोंडही. त्या डॉक्टरला क्लबातून हाकलायला हवं, त्याचेच दात त्याच्या घशात घालायला हवेत, तुझ्या हातावर शंका घेतो म्हणजे काय, असं बरंच काही. ताई खिडकीबाहेर बघत होती.

"पुरे," ती म्हणाली. "त्याने निदान तार घालून तरी बघितलं."

"म्हणजे?"

"दांडा मोडला तेव्हा मी तिथूनच तुला फोन केला होता. सगळ्यात आधी तुलाच. तू काय म्हणालास?"

मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, "ताई, तुझाच हात चुकला नाही ना?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा मी गाडी पुढे काढली.