बिनविम्याची जीप

बॉनेटवरून पाणी काचेला लागलं आणि इंजिन बंद पडलं. मागच्या बाकावर निडी गावची एक बाई कळा देत होती, मूल पायाकडून येत होतं. मी तिची सुईण. "बाय, दार उघड गो! आता उघड, मग नाय उघडायचं," असं ओरडणारा ड्रायव्हर म्हणजे माझा धाकटा भाऊ दामू. गेल्या महिन्यात तो रोह्यात दम्याने वारला. मी चौथी शिकलेली, जमेल तसं लिहिते.

रोह्याचे डॉक्टर रजेवर होते, म्हणून दवाखान्याच्या सरकारी जीपमधून आम्ही पेणला निघालो होतो. नागोठण्याला अंबा नदी रस्त्यावर आलेली. पलीकडे थांबलेला ट्रकवाला हाताने नको नको म्हणत होता. दामूने माझ्याकडे पाहिलं, मी बाईकडे पाहिलं, आणि त्याने गाडी घातली. मग छातीभर पाण्यातून तो त्या बाईला खांद्यावर घेऊन चालला, मी त्याचा शर्ट धरून मागे. काठावर पोचून वळून बघते तर जीप खाचरात आडवी. त्याच ट्रकवाल्याने आम्हाला पेणला नेलं. वाटेत म्हणाला, "माझ्या गाडीचा विमा हाय, तरी मी घातली नसती. तुझ्या गाडीचा हाय ना?" दामूला ठाऊकच नव्हतं.

नव्हताच. ऑफिसात चौकशी लागली. "कुणाच्या हुकमाने गाडी पाण्यात घातलीत?" कारकुनाने विचारलं. दामू म्हणाला, "बाळाच्या." ते काही त्याने लिहून घेतलं नाही. जीपची किंमत पगारातून का कापू नये, अशी नोटीस आली आणि पगारवाढ थांबली.

मी स्वतः गेले विचारायला. कारकून म्हणाला, "आजी, सरकारी गाडीला विमा नसतो. हजारो गाड्या, त्यातली एखादी बुडते. सगळ्यांचे हप्ते भरण्यापेक्षा ती एक सोसणं स्वस्त. सरकार आपला धोका आपणच घेतं."

"मग घेऊ दे की. दामूला कशाला नोटीस?"

"तो नियम वेगळा."

हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. दोन वर्षांनी पत्र आलं की नुकसान शासनाने सोसावं. पगारवाढ मात्र परत मिळाली नाही. दामूने ते पत्र मास्तरांकडून वाचून घेतलं, पोस्टमनकडूनही घेतलं. "म्हणजे मी सुटलो काय?" दोघांनी मान हलवली, पण कशी हलवली ते त्याला समजेना. चूक नव्हती तर पगारवाढ का अडवली, आणि होती तर नुकसान का सोडलं...

गेल्या महिन्यात दवाखान्यात, शेवटाला, त्याने मला विचारलं, "बाय, मी चुकलो व्हतो काय गो?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस? गप पड." धाप लागली होती त्याला, बोलू नये म्हणून म्हटलं. मग तो बोललाच नाही.

तेव्हा दिलं नाही ते उत्तर आता देते. त्या पाण्यातून तो आला, मी आले, ती बाई आली. आणि पेणला पोचल्यावर तासाभरात तिची मुलगी आली, पायाकडून, जिवंत.