वेशीवरचा राखणदार

आमच्या सोसायटीतल्या बायकांची वर्षातून एक सहल निघते, आणि ती कुठे काढायची यावरून दरवर्षी ग्रुपवर भांडण होतं. माझं मत ठरलेलं असतं. जुनं देऊळ हवं, लेणी हवीत, नाहीतर निदान एखादं म्युझियम तरी. बाकीच्यांचंही ठरलेलं असतं. तिथे जेवण कसं मिळतं, साड्या घेता येतील का, रूमला एसी आहे का. "तुमचे ते दगड बघून नुसते पाय दुखतात हो," असं मला तोंडावर सांगतात. मी चिडते, ग्रुपवर लांबलचक लिहिते, कोणी वाचत नाही. शेवटी बहुमताने थंड हवेचं ठिकाण ठरतं आणि वाटेत तासभर थांबण्यापुरतं एखादं देऊळ माझ्या पदरात टाकतात.

दगडांवरून माझी टर उडवणारा पहिला माणूस मात्र माझा बाप. मी नेरूळला राहते आणि बाबा गावात, भावाकडे. गाव म्हणजे काय, दोन सेक्टरांच्या मधोमध अडकलेली वस्ती. एकाला एक चिकटून उभ्या राहिलेल्या इमारती, खाली मोबाइलची आणि चिकनची दुकानं, वर भाड्याच्या खोल्या. दर रविवारी मी भाकऱ्या खायला जाते. कुठे फिरून आले असले की बाबा आधी फोन मागायचे. चष्मा पुसून एकेक फोटो नीट बघायचे आणि शेवटी म्हणायचे, "दगर बघाला येवरे लांब गेलीस, बाय? आपल्या गावान काय कमी व्हते?"

यात थट्टा होती तशी एक जुनी ठसठसही होती. ती कुठली ते मला माहीत होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याचे चुलते साताऱ्याकडून आमचं घर बघायला आले होते. त्यांच्या गावाच्या डोक्यावर किल्ला. त्या किल्ल्याविषयी ते जेवताना एवढे बोलले की जणू तटबंदीचा एकेक चिरा त्यांनीच वाहून नेला होता. जेवण झाल्यावर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मग, काय बघण्याजोगं हाय का न्हाई तुमच्या गावात?" बाबांनी त्यांना बांधावर नेलं. खाडी दाखवली, मिठागरं दाखवली, लांबून पूल दाखवला. चुलत्यांनी नाकाला रुमाल लावला आणि "चिखलाचा वास लई येतो," एवढंच म्हणाले. बाबा हसले. त्या रात्री ते जेवले नाहीत हे मला आईने नंतर सांगितलं.

खरं तर दाखवण्यासारखी आमची शेतं होती, पण ती आधीच गेली होती. खाऱ्या पाण्याला बांध घालून आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या तिथे भात पिकवलं. नवीन शहर यायचं ठरलं आणि ती सगळी जमीन सरकारने घेतली. बाबा मोर्चांत गेले, काठ्या खाल्ल्या, गुडघा कायमचा अधू करून घेतला. पुढे बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर इमारत उभी राहिली, आणि जमिनीचा मालक असलेला माणूस घरमालक झाला. लोक म्हणायचे, नशीब उघडलं तुमचं. बाबा अधू गुडघा चोळत बसायचे.

वेशीवर एक देव होता. पिंपळाखाली उभा रोवलेला, कमरेएवढा दगड. त्याला आम्ही राखणदार म्हणायचो. भाताची पहिली पेंढी त्याच्यापुढे ठेवायची, नारळ फोडायचा, कोंबडा द्यायचा, तेल आणि शेंदूर लावायचा. तो रात्रीचा बांधावरून फिरतो आणि कोणाला शेतात पाऊल टाकू देत नाही, असं आई सांगायची. शेंदराचे थर इतके चढले होते की त्याला नाक ना डोळा. फक्त वरच्या अंगाला बोट फिरवलं की एक गोल आणि एक कोर हाताला लागायची. लहानपणी मला ते त्याचे डोळे वाटायचे. एक उघडा आणि एक मिटलेला. शेतं गेल्यावर पेंढी बंद झाली, पण तेल-शेंदूर चालूच राहिला.

मग गावाने जीर्णोद्धाराचं मनावर घेतलं. कमिटी झाली, बाबा अध्यक्ष. त्या कामात त्यांनी जीव ओतला. संगमरवर त्यांनी स्वतः निवडला. मूर्तीचा चेहरा कसा हवा हे सांगायला ते दुखऱ्या गुडघ्याने पार राजस्थानात गेले. कळस असा हवा की हायवेवरून दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "लोकांनी गारी थांबवून इचारला पायजे, ह्या कोनचा देऊल?" हे ते इतक्यांदा म्हणाले की भाऊ त्यांची नक्कल करायचा. सातारकरांच्या किल्ल्याला ते उत्तर होतं, आणि ते फक्त आम्हा घरच्यांना कळत होतं.

जुना देव देवळाच्या मागे, पिंपळाच्या पाराशी ठेवायचा असं ठरलं होतं. पाया खणताना त्याला मुळापासून काढला, तेव्हा कळलं की जेवढा वर होता तेवढाच तो जमिनीत होता. जमिनीतल्या भागाला शेंदूर लागलेला नव्हता. त्यावर अक्षरांच्या ओळी होत्या, बऱ्याचशा झिजलेल्या, आणि त्यांच्या खाली एक चित्र. एक गाढव आणि एक बाई. कसं, ते मी लिहीत नाही. खणणारे गडी आधी हसले, मग कुदळी ठेवून मागे सरले. हे मला भावाने सांगितलं, तेही नजर चुकवून. आपण ज्याच्यापुढे बायकापोरींना डोकं टेकायला लावलं, त्याच्या अंगावर हे असलं? बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तो भाग झाकला आणि पारावर ठेवायचा बेत तिथल्या तिथे मोडला. जुनी, भंगलेली मूर्ती पाण्यात सोडायची आपली रीतच आहे. कोणाला वावगं वाटलं नाही.

नव्या मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी वाजतगाजत त्याला नेलं. लाल कापडात गुंडाळलेला, हार घातलेला. बँजो पुढे, बायका मागे, मीही त्यांच्यात होते. होडी भरतीच्या पाण्यात खोलवर गेली आणि रिकामी परत आली. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. देवाची लाज राखली, याचं समाधानही होतं. दुसऱ्या दिवशी नव्या मूर्तीचे डोळे उघडले तेव्हा मला बाबांचा फार अभिमान वाटला. देऊळ देखणंच आहे. पहिले काही महिने माणसं लांबून आली, फोटो काढून गेली. मग पलीकडच्या सेक्टरात त्याहून मोठं देऊळ झालं.

गेल्या हिवाळ्यात आमची सहल कोल्हापूरच्या बाजूला गेली. परतीच्या वाटेवर एका लहान गावात जुन्या वस्तूंचं संग्रहालय लागलं आणि मी हट्टाने बस थांबवली. बायका कुरकुरत उतरल्या. आत दहा मिनिटांत बघून होईल एवढंच सामान. बाहेर आवारात पत्र्याच्या शेडखाली काही दगड ओळीने उभे केले होते. माहिती सांगणारे गृहस्थ एका दगडापाशी थांबले. वर सूर्य आणि चंद्र, मधे अक्षरं, खाली ते चित्र. बायका पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसायला लागल्या. मला हसू आलं नाही. माझं बोट आपोआप हवेत फिरलं, एक गोल आणि एक कोर.

याला गद्धेगाळ म्हणतात, ते सांगत होते. जुन्या काळचा जमिनीचा दानलेख. चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालू राहील, आणि ही जमीन जो कोणी हिरावून घेईल त्याला ही शिवी, त्याच्या आईवरून. राजाने दगडात कोरून ठेवलेली. हे बघायला लांबलांबून माणसं येतात, असंही ते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, असा एक आमच्याकडे होता. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "कुठे आहे?" मी म्हटलं, "आता नाही." ते पुढे काही विचारतील म्हणून मी बसमध्ये जाऊन बसले आणि घाटभर खिडकीबाहेर बघत रडले. शेजारणीला वाटलं बस लागली, तिने लिंबू काढून दिलं.

आता आली ना पंचाईत. बाबा फोन मागणार. त्या दगडाचा काढलेला फोटो पुसून टाकायचा की ठेवायचा? आयुष्यात त्यांच्या हातून एकच गोष्ट पूर्ण झाली होती, ते देऊळ. शेतं राखता आली नव्हती, लढा हरला होता, आई गेली होती. रोज संध्याकाळी धुतलेला सदरा घालून ते आरतीला जात आणि तिथे लोक त्यांना पुढे उभं करत. वयाची ऐंशी ओलांडलेल्या माणसाला जाऊन सांगायचं की तुम्ही बुडवलं ते काय होतं? इतिहास कळायलाच हवा, असं मी ग्रुपवर तावातावाने लिहीत असते. या खेपेला मला तो नकोसा झाला. दोन रविवार मी काहीतरी कारण काढून गेलेच नाही.

तिसऱ्या रविवारी गेले. फोटो पुसला नव्हता, पण दाखवणारही नव्हते. पटापट बोट फिरवत मी घाट, धरण, बायकांचे घोळके दाखवत होते. "थांब," बाबा म्हणाले. "मागं घे." मी मागे घेतलं. त्यांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. माझ्यासमोर त्या चित्राविषयी ते आयुष्यात बोलले नव्हते, बापलेकीत ते बोलण्यासारखं नव्हतंही. पण त्यांची नजर तिथून हलेना.

"ह्यो आपला देव हाय."

"आपला नाही बाबा, तसाच दुसरा आहे."

"काय लिवलाय त्याच्यावर?"

मी सांगितलं. सांगताना शब्द मऊ करून बघितले, पण शिवी ती शिवीच. आमच्या दगडावर हेच लिहिलं होतं की आणखी काही, आणि ती जमीन कोणाला दिली होती, आमच्या वाडवडिलांना की कुठल्या भटजीला, हे कोणीच सांगू शकणार नाही, असंही म्हटलं. ते ऐकत नव्हते. स्वयंपाकघरात भावजय कुकर लावत होती, शिट्ट्या झाल्या, टीव्हीवर कसलीशी जाहिरात लागली होती. चष्मा काढून बाबा म्हणाले, "म्हंजे आपल्या बाजूनशी बोलनारा येकच व्हता. त्यालाच मी खारीन बुरवला."

मी म्हटलं, बाबा, तुम्हाला काय माहीत होतं? कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. मी म्हटलं, पाणबुडे बोलावू, शोधू. "चिखल कवा परत देतो काय," ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. त्या संध्याकाळी ते आरतीला गेले नाहीत. पुढेही गेले नाहीत. कमिटीची माणसं विचारायला आली तेव्हा गुडघ्याचं कारण सांगितलं. भाऊ माझ्यावर उखडला, कशाला दाखवलास फोटो, म्हातारा जेवत नाही नीट.

मग एक दिवस बाबांनीच फोन केला. "मना तया ने." तिथे म्हणजे त्या दगडापाशी. सहलीला कधी न गेलेला माणूस. कोल्हापूरच्या बाजूला एवढ्या लांबचा प्रवास झेपेल का, डॉक्टर काय म्हणतील, वाटेत लघवीचं काय, या सगळ्यावर भावाशी वाद घालून आम्ही गाडी केली. साताऱ्याजवळ डोंगरावर एक किल्ला दिसला, तो मी दाखवला. त्यांनी हात कपाळावर धरून बघितला आणि म्हणाले, "चांगला हाय. उभा तरी हाय."

संग्रहालयात त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. बाबांनी चपला बाहेर काढल्या. फरशी तापली होती, तरी ऐकलं नाही. माझ्या खांद्याचा आधार घेत शेडखाली आले आणि दगडासमोर उभे राहिले. आधी वरचे चंद्रसूर्य बघितले, मग अक्षरं, मग खालचं चित्रही. या वेळी त्यांनी ते झाकलं नाही. हळूच हात पुढे केला आणि तळवा अक्षरांवर ठेवला.

"ओ आजोबा, हात नका लावू," वॉचमन लांबून ओरडत आला. "जुनी वस्तू आहे, खराब होते."

माझं डोकं फिरलं. या माणसाने कुठून कुठवर प्रवास केलाय ते मी त्याला ऐकवणारच होते. पण बाबांनी माझा दंड धरला. हात मागे घेतला आणि त्याला विचारलं, "पावसाचा काय करता याला?"

"हे शेड घातलंय ना. आणि रोज सकाळी मी फडकं मारतो सगळ्यांवरून."

"रोज?"

"रोज. सुट्टी असली तरी येऊन मारतो."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. "बरा करता," ते म्हणाले. "तुमीच सांबाला. आमाना नाय जमला." आणि माझा खांदा सोडून त्यांनी दोन्ही हात त्या वॉचमनपुढे जोडले.