वाळीत टाकलेली गादीवाली

सेकूराची जीभ तिच्या दाभणापेक्षा टोकदार, असं ईघिल गावात म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. नवरा गेल्यावर ती लोकरीच्या गाद्या भरून पोट भरायची. जुर्जुराच्या त्या डोंगरात मुलगी सासरी निघाली की नवी गादी हवीच. सेकूरानं भरलेल्या गादीत वर्षानुवर्षं गुठळी होत नसे, म्हणून तिची बोलणी खाऊनही बायका तिलाच बोलावत.

मुसलमान घरातली ती ख्रिस्ती झालीय हे गावाला ठाऊक होतं. दर शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, ती खाली शहरातल्या चर्चला जायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रार्थना संपली की कुणाशी न बोलता घरी यायची. पास्टर अरेझकी एकदा म्हणाले, "सेकूराताई, शेजारणीला कधी सांगितलंत का येशूबद्दल?"

"माझा येशू माझ्यापुरता. शेजारणीचं शेजारीण बघेल."

गावही काणाडोळा करत होतं. मग एका हिवाळ्यात चर्चमध्ये सरकारी माणसं आली. प्रार्थनेला बसलेल्यांना त्यांनी ओढून बाहेर काढलं आणि दाराला सील ठोकलं. कुणीतरी ते सगळं फोनवर टिपलं. दुसऱ्या दिवशी गावच्या कॉफीच्या दुकानात जो तो तेच बघत होता, आणि त्यात शिपायाच्या अंगावर धावून जाणारी सेकूरा लख्ख दिसत होती.

आठवडाभरात तिचा धाकटा दीर अमोकरान दारात येऊन उभा राहिला. आत यायला तयार नव्हता.

"झालं समाधान, वहिनी? माझ्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. त्या घरातली चुलती बाटगी आहे म्हणे."

"असल्या घरात पोरगी पडली नाही, हे बरंच झालं की."

शब्द तोंडातून निघाले आणि सेकूराच्या काळजात चर्र झालं. ती पोर तिच्याच मांडीवर वाढली होती. अमोकरान तिच्या उंबऱ्यावर थुंकला आणि तडक तजमाअतच्या ओट्यावर गेला. गावचे पुरुष तिथं बसूनच निवाडे करत. संध्याकाळपर्यंत ठरलं: सेकूरा वाळीत. तिच्याशी जो बोलेल त्याला दंड.

झऱ्यावर ती पोचली की बायका घागरी उचलून चालू लागत. दुकानदार तिच्याकडं न बघताच म्हणे, "संपलं." तिनं धुऊन वाळत घातलेली लोकर कुणीतरी चिखलात तुडवून ठेवली. पास्टर अरेझकी विचारायला आले, की आता मंडळी घराघरांतून जमतात, एखाद्या शनिवारी तुमच्याकडं चालेल का? सेकूरा त्यांच्यावरही डाफरली. "तुमच्यापायी हे भोगतेय, तेवढं पुरे नाही का? निघा तुम्ही."

पण पोट कुणाच्या निवाड्याला जुमानत नाही. काठ्या आणि दाभण बांधून ती गाडीत बसली आणि डोंगरापलीकडच्या तिझरा गावात उतरली. तिथं दहबिया नावाच्या म्हातारीच्या घरी नातीचं लग्न होतं. सेकूरानं अंगणात लोकर पसरली आणि काठीनं झोडपायला लागली.

"ईघिलमधल्या पोरी काय लग्नाच्या राहिल्या नाहीत?" दहबियानं विचारलं. "एवढ्या लांब आलीस ती?"

काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण सेकूराला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"मला वाळीत टाकलंय."

"चोरी केलीस?"

"ख्रिस्ती आहे मी."

दहबियाची सून चुलीपाशी होती, तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. म्हातारी उठली. सेकूराला वाटलं, आता काठ्या उचलायला लावणार.

"अर्धी गादी कोण पुरी करणार? भर," दहबिया म्हणाली. "पण माझ्या माठाला हात लावायचा नाही."

दिवसभर म्हातारी समोर बसून टोचत राहिली. "बाटलं की परदेशाचा फुकट पासपोर्ट देतात ना गं तुम्हाला?" "मिळाला असता तर तुझी लोकर झोडत बसले असते?" सेकूरा म्हणाली. म्हातारीचं चालूच: "आणि तुमच्या त्या देवाला म्हणे माणसांनी खिळे ठोकले. त्यानं काय केलं?"

"मारणाऱ्यांसाठी माफी मागितली."

"म्हणजे येडाच."

मग दहबियानं सांगितलं. देशात यादवी पेटली होती त्या काळ्या वर्षांत हत्यारबंद टोळीनं तिचा थोरला मुलगा रस्त्यात कापला होता. कापणाऱ्यांतला एक सरकारी माफी घेऊन डोंगरातून खाली आला. आता बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान होतं.

"त्याला मी माफ करायचं, असं म्हणतेस?"

सेकूरानं काठी खाली ठेवली. "मला माझ्या दिराला माफ करता येत नाही, म्हातारे. तुला मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"मग तो तुझा देव कशाला हवा?"

"मला जमत नाही म्हणूनच हवा," सेकूरा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हे कुणाला सांगत होती, आणि तेही चिडून.

दहबियानं तिला जा म्हटलं. पुढच्या आठवड्यात निरोप धाडला: उशा राहिल्यात. उशा झाल्या, मग जुन्या गाद्या निघाल्या. सून प्रश्न विचारू लागली, सुनेमागून शेजारणी आल्या. म्हातारी सगळ्यांना शिव्या घालायची आणि ऐकत बसायची.

अमोकरानला हे कळलं आणि त्याचं डोकं फिरलं. तो गावोगावच्या कॉफीच्या दुकानात जाऊन सांगू लागला, "ती गादीवाली घरात घेऊ नका, बायकांना नादी लावते." जिथं सेकूराचं नावही पोचलं नव्हतं, तिथं आता ते पोचलं. काही घरांनी दारं लावली. काहींनी मुद्दाम बोलावलं, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काय गं, काय सांगतेस तू बायकांना एवढं?" मग सांगावं लागे.

शेवटी अमोकराननं कोर्टात तक्रार केली; मुसलमानांना दुसऱ्या धर्मात ओढणं तिथं गुन्हा होता. न्यायाधीशांनी विचारलं, "धर्म पसरवतेस?"

"मी गाद्या भरते, साहेब. लोक विचारतात, गावानं का टाकलं. खोटं सांगू?"

शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवली, तुरुंगात धाडलं नाही. पुन्हा तक्रार आली तर सरळ आत, अशी ताकीद मिळाली. बाहेर पायरीवर अमोकरान उभा होता.

"गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"बसलेच होते की रे वर्षानुवर्षं," सेकूरा म्हणाली. "तूच उठवलंस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीबद्दल त्या दिवशी बोलले ते वाईट बोलले. तिला सांग."

"तू तिचं नाव घेऊ नकोस," तो म्हणाला आणि निघून गेला.

ईघिलनं तिला पुन्हा कधी जवळ केलं नाही. तिझऱ्यात दहबियाच्या लोकरीच्या खोलीत सुनेसह चार बायका प्रार्थनेला जमू लागल्या होत्या. दहबिया स्वतः त्यांच्यात बसली नाही, पण दाराशी काठी घेऊन असायची. वसंतात तिच्या घरावर दगड आले, कौलं फुटली, आणि तिच्या धाकट्या मुलानं, सुनेच्या नवऱ्यानं, सांगितलं, आता इथं नको. बायका वरच्या धनगरवस्तीत जमायला लागल्या. तिथं आजवर ना चर्च होतं, ना पास्टर.

"देवाला सपाटीवर जागा मिळत नाही का?" पहिल्या दिवशी चढताना धापा टाकत सेकूरा म्हणाली. वर वस्तीतल्या दोन अनोळखी बायका मेंढ्या सोडून त्यांच्याकडं बघत उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनं ओरडून विचारलं, "कोण गं तुम्ही?"

सेकूरानं दहबियाच्या सुनेला कोपरानं ढोसलं. "सांग आता तू. मला दम लागलाय."