गंजराजाचं शेवटचं मुखपृष्ठ

धाकट्याला जगात एकच चेहरा पाठ होता, तो म्हणजे थोरल्या भावाचा. आईवडील लवकर गेले. दादानंच त्याला वाढवलं, म्हणजे जेवू घातलं, शाळेत घातलं आणि फावल्या वेळात झापलं. झापून घेताना धाकटा जमिनीवर बसलेला असे आणि दादा हातात पाना घेऊन उभा. त्यामुळे फुगलेल्या नाकपुड्या, वर चढलेली डावी भुवई आणि हनुवटीची खालची बाजू यांचा त्याचा जेवढा अभ्यास झाला, तेवढा गणिताचा झाला नाही.

पुढं तो छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर लागला आणि स्वतःची चित्रकथा काढू लागला. तेव्हा खलनायकाला हा चेहरा आयताच मिळाला. खलनायकाचं नाव गंजराज. त्यानं फुंकर मारली की पूल, कुलपं, तोफा, सगळं गंजून जाई. त्याच्याशी लढायला ठिणगी नावाची एक पोरगी होती. तिचा चेहरा कुणावरूनच घेतलेला नव्हता, म्हणून तो दर अंकात बदलायचा.

दादाचं दुकान सायकलदुरुस्तीचं. उभा जन्म गंजाशी भांडलेल्या माणसाला आपण गंजाचा राजा केलं, हे कितीतरी अंक आपल्या लक्षातच आलं नाही, असं धाकटा सांगतो. आपण विश्वास ठेवू.

आतली पानं झेरॉक्सची, धूसर आणि बारीक अक्षरांची. मुखपृष्ठ मात्र रंगीत. कॅलेंडरच्या मोठ्या कागदाला कडेला जी पट्टी वाया जाते, तिच्यात मालकानं त्याला ते छापू दिलं होतं. कॅलेंडर काही त्याच्या कथेसाठी थांबत नसे. त्यामुळे मुखपृष्ठ आधी छापलं जाई आणि कथा मागाहून त्याच्या मापानं बेतली जाई. मुखपृष्ठावर गंजराज नेहमी मधोमध आणि सगळ्यांत मोठा.

दादानं ही मुखपृष्ठं दुकानात टायरांच्या वर ओळीनं लावली होती. "धाकट्यानं माझ्यावर पुस्तक काढलंय," तो गिऱ्हाइकांना सांगे. "हा मी. ही पोरगी कोण ते माहीत नाही, पण सारखी मधे मधे करते."

त्याला जवळचं दिसत नसे आणि चष्म्याचं नाव काढलं की तो चिडे. आतली बारीक अक्षरं दादा कधी वाचणार नाही, म्हणून धाकटा त्या चिडण्याच्या भरवशावर निर्धास्त होता.

शेवटच्या अंकासाठी त्यानं चित्र केलं: गंजराज गुडघ्यांवर, मान खाली, गळ्याशी ठिणगीची मशाल. रंग वाळायला ठेवला होता, तेवढ्यात वहिनी डबा घेऊन खोलीवर आल्या. चित्राकडे बघत उभ्याच राहिल्या.

"भाऊजी, आता मी काय वाचू?"

"म्हणजे?"

"दुपारी दुकान बंद असतं तेव्हा यांना मीच वाचून दाखवते. पहिल्या अंकापासून. ठिणगी पूल वाचवते तिथं मी म्हणते, गंजराजानं वाचवला. एवढे दिवस रेटलं. आता हे चित्र भिंतीवर लागल्यावर काय सांगू? पाठदुखीनं वाकलाय म्हणून?"

धाकट्यानं डबा उघडला आणि परत लावला. घोळ त्यानं घातला होता, निस्तरत होत्या वहिनी, तेही कधी बोलून न दाखवता, भांडी पडलेली ठेवून.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच हजर. मिशीला कलप, इस्त्रीचा शर्ट, हातात पाना.

"शेवटचा अंक आहे म्हणे. या वेळी समोर बसवून काढ. आठवणीनं काढतोस, नाक दर वेळी भज्यासारखं येतं."

तो स्टुलावर बसला. धाकटा समोरच्या खुर्चीवर. दादाचा चेहरा इतक्या सरळ रेषेत त्यानं कधी पाहिलाच नव्हता. इथून नाकपुड्या साध्याच होत्या. भुवई चढलेली नव्हती. तिथं जुन्या जखमेचा व्रण होता, तो तिला कायमचा वर ओढून धरत होता.

"एक सांगू?" दादा मान न हलवता म्हणाला. "या खेपेला मला हरव. दर वेळी मीच जिंकतो, गिऱ्हाइकं हसतात. सारखा जिंकणारा माणूस खरा वाटत नाही रे."

गुडघ्यांवरचा गंजराज तयार होता, तिथंच कपाटात, चार हातांच्या अंतरावर. आता हरवायला परवानगीही मिळाली होती. धाकट्याचा हात काही कपाटाकडे गेला नाही.

"हलू नकोस," तो एवढंच म्हणाला.

मुखपृष्ठ छापून आलं: गंजराज स्टुलावर बसलाय, मांडीवर पाना. त्याच्या मापानं कथा बेतली. ठिणगीची सायकल गंजून बंद पडते, गंजराज ती दुरुस्त करून देतो, संपलं. वाचकांना वाटलं, छापखान्यात दुसऱ्याच कुणाची पानं शिवली गेली.

वहिनींनी हा अंक पहिल्यांदाच एक शब्दही न बदलता वाचून दाखवला. धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. गंजराज खरं तर खलनायक, हे आज सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

दादानं अंक घेतला आणि हात लांब करून मुखपृष्ठ पाहिलं. मग म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण हा काही जमला नाही. मागचे भारी होते."

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. धाकटा म्हणाला, "हो. मागचे भारी होते." आणि ते सांगायचं राहिलं ते राहिलंच.