जमनाबाईंची गाय आणि मी न सांगितलेली गोष्ट

माझ्या चुकीने एक गाय मेली होती.
तिची मालकीण, जमनाबाई राठोड, आज सकाळी गेल्या.

त्यांच्या सुनेचा, कविताचा फोन आला. "मॅडम, याडी गेली." एवढंच बोलली.
याडी म्हणजे आई. बंजारा वस्तीवर, म्हणजे तांड्यावर, सगळेच त्यांना याडी म्हणायचे.

सहा वर्षांपूर्वी मी दारव्ह्याकडच्या एका दूध संकलन केंद्रात चारा सल्लागार म्हणून लागले. यवतमाळ शहरात वाढलेली, वडील कचेरीत, घरात कधी शेळीसुद्धा नव्हती. ॲग्रीची डिग्री होती आणि कॉन्फिडन्स भरपूर.

काम एकच. दोन-तीन गाई-म्हशी असलेल्या लोकांना हिरवा चारा कसा लावायचा, कसा घालायचा ते सांगणं.

मी मीटिंग घ्यायचे. मोठ्या गावात, ग्रामपंचायतीत, सकाळी अकराला.
पुरुष यायचे. जनावरांना चारा घालणाऱ्या बाया त्या वेळी वावरात असायच्या.
हे मला दिसत होतं. तरी मी वेळ बदलली नाही.

तांडा तिथून तीन किलोमीटर. मी एकदाही गेले नव्हते.

जमनाबाईंचं अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. ती त्यांची पहिली गाय. वेगळे राहणारे त्यांचे दीर माझ्या मीटिंगला आले आणि त्यांच्यासाठीही चाऱ्याच्या ज्वारीचं बियाणं घेऊन गेले. सूचना मी नंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नका, कोवळ्या ज्वारीत विष असतं.

पूर्वी हे घराघरात माहीत असायचं. पण कापूस-सोयाबीनपुढे आमच्याकडून ज्वारी गेली, आणि तिच्यासोबत ही माहितीही.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. गुडघाभर ज्वारी सुकायला लागली. वाया जाण्यापेक्षा गाईला घालू म्हणून जमनाबाईंनी भारा कापून आणला.

तासाभरात गाय आडवी झाली. डॉक्टर पोचायच्या आत संपली.

मी गेले तेव्हा त्या गाईजवळ बसल्या होत्या. बाजूला बांधलेली कालवड हंबरत होती.

"कोवळी ज्वारी चालत नाही, हे तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"ग्रुपवर टाकलं होतं."

"त्या ग्रुपात मी हावो काय?"

त्यांच्या घरात साधा बटणांचा फोनही नव्हता.

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्या उठल्या. पदराने तोंड पुसलं.
"थांबा इथंच. साऱ्या बायायले बलावतो. मले नाही सांगतलं थे त्यायले सांगा."

पंधरा-वीस बाया जमल्या. मेलेल्या गाईशेजारी उभी राहून मी बोलले.

एका म्हातारीने विचारलं, "किती उंच झाल्यावर चालते?" मी सेंटिमीटर सांगायला लागले, तर जमनाबाईंनी मला थांबवलं.

"थे कोण मोजत बसते? कणीस निघू द्या, फुलावर येऊ द्या, मंग कापा. असंच ना, मॅडम?"

"असंच."

डिग्रीच्या चार वर्षांत मी जे शिकले, ते इतक्या सोप्या भाषेत मला कधी सांगता आलं नव्हतं.

पुढच्या बुधवारपासून मी दर आठवड्याला तांड्यावर जायला लागले. संध्याकाळी, बाया वावरातून परतल्यावर. जमनाबाईंनी विहिरीच्या पाटाकडेने हत्तीगवत लावलं. कोणी लावायला कांड्या मागायला आली की आधी तिला खाली बसवायच्या.

"कोवळ्या ज्वारीचं मालूम हाये का तुले? सांग बरं."

नीट सांगितल्याशिवाय कांडी मिळायची नाही.

दिग्रसला लग्नाला गेल्या, तर मांडवातही हेच. कविता ओशाळली. "याडी, लोक हासून राह्यले."
"हासू दे. ध्यानात तं राह्यते."

गेल्या आठवड्यात त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात भेटले. खूप वाळल्या होत्या. इतकी वर्षं जे बोलायचं टाळलं होतं, ते बोलले.

"जमनाबाई, तेव्हा माझं चुकलं."

"असू द्या" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "हो, चुकलंच तुमचं," म्हणाल्या.
मग माझा हात धरला.
"पण तुमी बुधवारी आल्या. मले वाटलं होतं, ही बाई आता तोंड दाखवत नाही."

आज दुपारी तांड्यावर गेले. आजूबाजूच्या चार-पाच तांड्यांवरच्या बाया आल्या होत्या. बऱ्याच जणींना मी ओळखत नव्हते. त्यांनाही मी कोण ते माहीत नव्हतं.
कडेला बसलेल्या एकीला विचारलं, "तुम्ही त्यांच्या नात्यातल्या का?"
"नाही वो. तिनं मले चारा लावाले शिकवला."

मी तिच्याशेजारी खाली बसले.

जमनाबाई, चूक पोटात न घालताही तुम्ही मला आपलं मानलंत.
तुम्हाला माझा शेवटचा रामराम.