नदीचं नाव विचारू नका

मासे पकडणाऱ्यांकडे किस्से भरपूर साठतात, कारण मासा घरी येतच नाही. निदान आमच्या ग्रुपचा तरी तोच नियम होता. गोड्या पाण्यातला बास मासा पकडायचा, मोजायचा आणि परत नदीत सोडायचा. पुरावा असा एकदा पोहत निघून गेला, की माणूस किती खोटं बोलेल याला काही धरबंध नाही!

मी मार्था. मूळची वसईची, शिक्षण चौथी. नवरा गेल्यावर मुलाने सिडनीला, केलीव्हिलमध्ये आणलं, ती नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. साठीनंतर मी गाडी चालवायला शिकले आणि लगेच बास धरायला शिकले. बास मला कोणी शिकवला नाही. लायब्ररीतून पुस्तकं आणली, मांडीवर डिक्शनरी ठेवून वाचली, आणि पुस्तकात जे लिहिलं होतं ते नदीवर जाऊन स्वतः पडताळलं. बरंच खोटं होतं.

ग्रुप तिघांचा. मी, पुण्याचे डॉक्टर आपटे, आणि माझ्याच गावचा विल्सन, रेल्वेत इंजिनिअर. शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारनंतर, एका गाडीतून जायचो, गाडीत हसतखेळत चिवडा खायचो, आणि नदी आली की एकमेकांना दिसणार नाही असे पांगायचो.

शिवाय माझी स्वतःची एक जागा होती. तिथे मी मधल्या वारी एकटी जायची. त्या दोघांना तिचा वास लागू नये म्हणून मी परतीचा रस्तासुद्धा बदलायची. नदीचं नाव तुम्हीही विचारू नका. सांगणार नाही.

*

पहिला रॉड घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "नातवासाठी का, लव्ह?"

म्हटलं, "नातू असता तर तो माझ्याकडून शिकला असता. मला दाखव."

त्याने पुढच्या रांगेतला एक लांबलचक, काठीसारखा कडक रॉड काढला. मी तिथेच सावध झाले. कोळीण जी मासळी वर मांडते ती कधी घ्यायची नसते, खालची उचलून बघायची. मी मागच्या रांगेत हात घातला. बास झाडाच्या लोंबत्या फांद्यांखाली बसतो. तिथे टाकायचं तर रॉड आखूड हवा, शेंडा मऊ आणि कंबर घट्ट. एकेका रॉडच्या शेंड्याला मी माझी पर्स अडकवली आणि वाकवून बघायला लागले.

दुकानदार धावत आला. "मॅडम, मोडेल!"

"मोडायचा असेल तर आत्ताच मोडू दे. इथे मोडला तर तुझा, नदीवर मोडला तर माझा!"

*

डॉक्टर आपटे शुद्ध शाकाहारी. हॉस्पिटलात भूल द्यायचं काम. पण सामान आमच्यात सगळ्यात भारी त्यांचं. लुअर, म्हणजे लाकडाचे नि प्लास्टिकचे खोटे मासे, त्यांच्या पेटीत रंगानुसार लावलेले, आणि मी जवळ गेले की पेटीवर टॉवेल!

एकदा त्यांनी नवीन रीळ आणलं, आडवं बसणारं. त्याला अंगठ्याने लगाम घालावा लागतो. अंगठा उशिरा टेकला की दोरीचा असा गुंता होतो की सुगरणीने घरटं बांधावं. पहिल्याच फेकीला डॉक्टरांचं घरटं झालं. मग खिशातून हॉस्पिटलातला चिमटा निघाला. तास झाला तरी डॉक्टर मान खाली घालून दोरा सोडवतायत.

विल्सन पलीकडून ओरडला, "डॉक्टर, पेशंट कधीचा झोपलाय! आता ऑपरेशनवाल्याला बोलवा!"

*

विल्सनला मासा लागला आणि आपण विचारलं, "काय लावलंस रे?" की उत्तर ठरलेलं, "काळा, मावशी." कधीही विचारा, काळा. मी दुर्बिणीतून बघितलं. पाण्यातून लुअर निघाला तो सोनेरी! मी जवळ पोचेपर्यंत मेल्याने बदलून काळा लावलेला.

मीही वसईचीच. घरी जाऊन कपड्यांचा लाकडी चिमटा घेतला, अर्धा कापला, त्याला लाल नेलपॉलिश फासलं आणि दोरीला बांधला. शनिवारी विल्सन येताना दिसला तसा तो घाईघाईने पदराआड लपवला, पण त्याला दिसेल इतपतच.

"मावशी, काय आहे ते?"

"काही नाही. तू तुझं बघ."

पुढच्या शनिवारी विल्सनच्या पेटीत तीन लाल चिमटे! मी झाडामागे तोंडात रुमाल कोंबून हसतेय, तेवढ्यात धप्प आवाज झाला.

मेल्याला त्याच्यावर मासा लागला!

*

आता माझ्या सुनेची गोष्ट. सून चांगली, पण संशयी. (माझ्या घरात राहून झाली असेल.) दर आठवड्याला सासू पाच तास बाहेर, येते ती रिकाम्या हाताने आणि खुशीत. तिला वाटलं, मी क्लबात पोकी मशिनवर जुगार खेळते.

"मम्मी, खरं सांगा, तुम्ही नक्की कुठे जाता?"

"मासे धरायला."

"मग मासे कुठायत?"

"सोडून दिले."

 सुनेने नुसतं माझ्या मुलाकडे बघितलं, आणि ते बघणं मला झोंबलं. पुढच्या वेळी येताना मी मासळीच्या दुकानात थांबले, एक गुलाबी, गुबगुबीत मासा घेतला आणि सिंकमध्ये आपटला. "घे! आज धरलाय नदीत!"

मुलगा आला, वाकून बघितलं. "ममा, दॅट्स अ स्नॅपर."

"मग?"

"समुद्रात असतो. नदीत यायला त्याला ट्रेन घ्यावी लागेल."

त्यानंतर सून माझी पर्स तपासायला लागली.

*

आणि मग तो मासा आला.

गुरुवार होता. माझ्या जागेवर एकटी होते. तिथे सुरूसारखं एक झाड पाण्यात आडवं पडलंय. ऊन उतरलं होतं, वर सिकाडा किडे कान फोडत होते. अशा वेळी पाण्यावर तरंगणारा लुअर लावायचा. बाकीचे तो टाकला की लगेच ओढायला लागतात. चूक! किडा पाण्यात पडला की आधी घाबरून गप्प राहतो. लुअर पडल्यावर जी वर्तुळं उठतात, ती पार विरेपर्यंत हात हलवायचा नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझं आहे.

शेवटचं वर्तुळ विरलं आणि पाणी फुटलं.

रॉडवर मी नेलपॉलिशने खुणा केल्या होत्या. एक्कावन्न सेंटिमीटर! पन्नासच्या वरचा बास आयुष्यात एकदा भेटतो, कित्येकांना तोही नाही. कॅमेरा घरी. मी त्याला पाण्यात धरून ठेवलं, त्याने दम घेतला आणि गेला.

शनिवारी गाडीत सांगितलं.  विल्सन म्हणाला, "मावशी, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकदाच मोजला, की जाऊन-येऊन?"

डॉक्टर अगदी पेशंटशी बोलावं तसे म्हणाले, "मावशी, अशा वेळी हृदयाचे ठोके वाढतात. मासा मोठा दिसतो."

"दिसला नाही, डॉक्टर. मोजला!"

"मग जागा दाखवा ना. पाणी बघून सांगतो, एवढा मासा तिथे राहू शकतो का."

बघा! जागा दाखवली तर मासा खरा, लपवली तर मी खोटारडी. सून पर्स उघडून बघते ते एक वेळ चालेल. पण माझ्या माशाला खोटं म्हणतात? रात्रभर डोळा लागला नाही.

*

मला साक्षीदार हवा होता. ज्याचा शब्द दोघं मानतील, आणि जो जागा कुणाला सांगणार नाही. असा माणूस एकच, आमचे फादर डॉमनिक. वसईचेच, भला माणूस. डॉक्टरसुद्धा म्हणाले होते, "फादर म्हणतील तर मी मानीन." पण फादरनी नुकताच विल्सनचा जुना रॉड मागून नेल्याचं माझ्या कानावर आलं होतं. म्हणजे सावध राहायला हवं. मग मला सुचलं. कन्फेशनमध्ये, पापाच्या कबुलीत, सांगितलेलं फादर मेले तरी बाहेर बोलत नाहीत!

पुढच्या शनिवारी सकाळी चर्चमध्ये रांगेत उभी राहिले. पलीकडे फादर बसतात त्या जाळीसमोर गुडघे टेकले.

"फादर, मला गर्व झालाय. एक्कावन्न सेंटिमीटरचा."

मग सगळं सांगितलं. पूल कुठला, वळण कितवं, झाड कसं पडलंय, लुअर कुठला, वर्तुळं विरेपर्यंत कसं थांबायचं. 

"मार्थाबाय, हे पाप आहे की पत्ता?"

"दोन्ही, फादर."

त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया म्हणायला सांगितलं. ते म्हणून मी बाहेर आवारात थांबले. फादर आले.

"मग फादर, या गुरुवारी येता ना माझ्याबरोबर?"

"कुठे?"

"आत्ता सांगितलं ना आत!"

"आतलं मला बाहेर काही माहीत नसतं, मार्थाबाय." आणि हसून चहाला गेले!

 माझाच कुलूपबंद डाव माझ्यावर उलटला. गुरुवारी मी एकटीच निघाले. गाडी लांब लावली, नेहमीसारखं दोनदा मागे वळून बघितलं, झुडपं बाजूला केली.

झाडाच्या बुंध्यावर फादर डॉमनिक उभे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात विल्सनचा रॉड, आणि पाण्यावर एक वर्तुळ सावकाश विरतंय. फादर हलत नाहीत. मीही हलले नाही.

पाणी फुटलं. दहा मिनिटं चाललं. मासा हातात आल्यावर त्यांना मी दिसले.

"मार्थाबाय! बरं झालं आलात! मोजा, मोजा!"

मी माझा रॉड लावला. बावन्न. दोनदा मोजला, बावन्नच. फादरनी त्याला पाण्यात सोडला, ओले हात पँटला पुसले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

"विल्सनला आणि डॉक्टरना तुम्ही सांगाल ना? स्वतःच्या माशाबद्दल फादरचंही कोणी मानत नाही हो."

मी पेटी उघडली, लुअर काढला, गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

"कुठला मासा, फादर?"